शिक्षणाचे जागतिक जाळे उभारणारा माणूस नेमके काय करतो?

डॉक्टर, वकील किंवा कारखानदार दिवसभर काय करतो, हे सर्वसाधारणपणे सगळ्यांना ठाऊक असते. मात्र ‘शिक्षण आणि नवोपक्रम यांची आंतरराष्ट्रीय जाळी उभारणारा उद्योजक’ अशी कुणाची ओळख करून दिली, तर त्याच्या कामाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहत नाही. हा गृहस्थ परिषदांना हजेरी लावत असेल, मोठ्या लोकांच्या भेटीगाठी घेत असेल आणि देशोदेशी भाषणे देत असेल, असे आपण गृहीत धरतो. या कामात भेटीगाठी आणि भाषणे असतात हे खरे, पण त्यांच्या आधारावर कोणतेही जाळे टिकत नाही. ते कशावर टिकते, हे समजून घेण्यासाठी डॉ. माधव चव्हाण यांच्या कारकिर्दीइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही, कारण त्यांचे काम मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झाले आणि त्यातून निघालेल्या पद्धती आज आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत वापरल्या जातात.

चव्हाण मूळचे रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि ऐंशीच्या दशकात भारतात परतून ते माटुंग्याच्या यूडीसीटीमध्ये, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीमध्ये, शिकवू लागले. राष्ट्रीय साक्षरता अभियानाच्या काळात ते मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये प्रौढ साक्षरतेच्या कामात उतरले. पुढे युनिसेफ आणि मुंबई महानगरपालिका यांच्या पुढाकाराने शहरातल्या प्रत्येक मुलापर्यंत शिक्षण कसे पोहोचवता येईल, याची चर्चा सुरू झाली आणि तिच्यातून १९९४-९५ च्या सुमारास ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या फरीदा लांबे या त्यांच्या सहसंस्थापक होत्या. बँकिंग क्षेत्रातले नारायणन वाघुल यांच्यासारखे लोक संस्थेच्या विश्वस्तपदी आले. महापालिका, उद्योगजगत आणि वस्तीतले रहिवासी या तिघांना पहिल्या दिवसापासून एकाच कामाला जुंपणे ही या कारकिर्दीतली पहिली महत्त्वाची गोष्ट आहे, कारण पुढे प्रत्येक देशात हीच तीन बाजूंची जुळणी पुन्हा करावी लागणार होती.

पहिले काम बालवाड्यांचे होते. मुंबईत जागेचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि शाळा बांधायची म्हटले की वर्षे निघून जातात. म्हणून इमारतीचा विचारच बाजूला ठेवण्यात आला. वस्तीतल्या एखाद्या तरुणीने, शक्य तर जिचे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे तिने, मुलांना गोळा करायचे आणि जी जागा मिळेल तिथे वर्ग भरवायचा. ती जागा म्हणजे मंदिराचा कट्टा असेल, मंडळाचे कार्यालय असेल किंवा तिच्या स्वतःच्या घरातली एकुलती एक खोली असेल. जेवणखाण उरकून भांडी बाजूला सरली, की त्याच फरशीवर सतरंजी अंथरली जायची आणि तिथे वीसेक मुले बसायची. तिला प्रशिक्षण, साहित्य आणि थोडे मानधन मिळायचे. एका वर्गाचा खर्च इतका कमी असल्यामुळे दुसरा, दहावा आणि शंभरावा वर्ग उघडताना पहिल्या वर्गाची नक्कल करणे पुरेसे व्हायचे. गुंतवणूकदार ज्या गुणाला विस्तारक्षमता म्हणतात, तो इथे भांडवलातून आला नव्हता. वस्तीत आधीपासून असलेल्या माणसांकडे आणि जागांकडे नीट पाहिल्यामुळे तो सापडला होता.

खरी अडचण मात्र शाळेच्या आत होती. मुले शाळेत दाखल होत होती, हजेरीपटावर त्यांची नावे होती, तरीही तिसरी-चौथीतल्या अनेक मुलांना साधी वाक्ये वाचता येत नव्हती. यामागचे कारण समजून घ्यायला हवे, कारण पुढचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. आपल्याकडे शिक्षक पाठ्यपुस्तकाप्रमाणे पुढे जातो आणि पाठ्यपुस्तक असे गृहीत धरते, की मागच्या इयत्तेतले सगळे मुलाला आले आहे. पहिलीत अक्षरओळख राहून गेलेल्या मुलासाठी तिसरीचे पुस्तक बंदच राहते. अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत शिक्षकाला त्याच्याकडे वळायला सवड मिळत नाही, आणि दरवर्षी हे मूल वर्गापासून आणखी मागे पडत जाते. शिक्षक आळशी आहेत किंवा मुलांच्या डोक्यात शिरत नाही, या दोन्ही सोप्या उत्तरांनी हे दुखणे उलगडत नाही.

यावर ‘बालसखी’ ही योजना आली. महापालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा ते वीस मुले दिवसातले सुमारे दोन तास वर्गाबाहेर नेऊन त्याच वस्तीतली एखादी तरुणी त्यांना अक्षरे, शब्द आणि आकडे शिकवायची. तिला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे आणि महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन.

याच टप्प्यावर चव्हाण यांनी घेतलेला एक निर्णय मला त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीतला सर्वांत धाडसी वाटतो. आपली योजना चालते की नाही, हे तपासण्यासाठी त्यांनी बाहेरच्या अर्थशास्त्रज्ञांना दार उघडून दिले. अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा इथे यादृच्छिक चाचणी घेतली. म्हणजे कोणत्या शाळेतल्या कोणत्या इयत्तेला बालसखी मिळेल, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले गेले, जेणेकरून दोन्ही गटांमधल्या फरकाचे श्रेय बालसखीलाच देता येईल. (बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर. त्यामुळे मराठी वाचकाला हा धागा जवळचा वाटावा.) निकाल चांगला आला, पण नुसता गोड नव्हता. सगळ्यात मागे असलेल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. ही मुले बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला होता, तरी वर्गात उरलेल्या मुलांना त्याचा काहीच लाभ झालेला दिसला नाही. शिवाय योजना संपल्यावर वर्षभराने पुन्हा पाहिले, तेव्हा मिळालेल्या फायद्यातला बराच भाग ओसरला होता. या तिन्ही गोष्टी २००७ साली शोधनिबंधात छापून आल्या. २०१९ साली बॅनर्जी, ड्युफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा त्यांच्या कामाच्या वर्णनात मुंबई-वडोदऱ्याच्या या प्रयोगालाही स्थान होते.

या अनुभवातून पद्धत घासूनपुसून तयार झाली. इयत्ता कोणतीही असो, मुलाला आज जे वाचता येते तिथून सुरुवात करायची. अक्षरे न ओळखणारी मुले एकत्र, शब्द वाचणारी एकत्र, परिच्छेद वाचणारी एकत्र, अशी फेररचना करायची आणि मूल पुढे सरकले की त्याचा गट बदलायचा. तिसरीतले आणि पाचवीतले मूल एका गटात बसले तरी चालते. गटात काम कसे चालते, हे पाहण्यासारखे असते. जमिनीवर बाराखडीचा मोठा तक्ता पसरलेला असतो. ताई आधी एखादी छोटी गोष्ट बोट ठेवून वाचून दाखवते, मुले तिच्यामागून वाचतात, मग त्या गोष्टीवर बोलतात. त्यानंतर तक्त्यावर ‘क, का, कि, की’ अशी ओळ म्हणत मुले आपल्या नावातली अक्षरे शोधतात आणि सापडलेली अक्षरे खडूने फरशीवर लिहितात. ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या चारही क्रिया एका तासात होतात. यासाठी लागणारे साहित्य एका पिशवीत मावते. या पद्धतीला इंग्रजीत ‘टीचिंग ॲट द राइट लेव्हल’ म्हणतात आणि जगभर ती ‘टार्ल’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते.

मुंबईचा या घडणीत वाटा आहे, असे मी मानतो. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. अशा शहरात काम करणाऱ्या संस्थेला एकाच भाषेवर किंवा एकाच पुस्तकावर विसंबून राहता येत नाही. जी पद्धत इथे लिपी बदलूनही तग धरते, तिला पुढे सीमा ओलांडताना कमी त्रास होतो.

दुसरे साधन मोजमापाचे होते. २००५ साली ‘प्रथम’चे ‘असर’ हे वार्षिक सर्वेक्षण सुरू झाले. देशातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात गावे निवडायची, प्रत्येक गावात वीस घरांना भेट द्यायची आणि पाच ते सोळा वयोगटातल्या मुलांना एकेकट्याने वाचायला सांगायचे, अशी ही रीत आहे. शाळेत न जाता घरी जायचे कारण उघड आहे. शाळाबाह्य मूल, त्या दिवशी गैरहजर असलेले मूल आणि खासगी शाळेतले मूल ही तिन्ही घरीच भेटतात. ही चाचणी एका कागदावर मावते. कागदावर एक गोष्ट असते, तिची पातळी दुसरीच्या पुस्तकाएवढी. त्याखालोखाल पहिलीच्या पातळीचे सोपे परिच्छेद, मग सुटे शब्द, मग सुटी अक्षरे. स्वयंसेवक ओसरीवर मुलाशेजारी बसतो आणि आधी परिच्छेद वाचायला देतो. मूल ओघाने वाचू शकले तर त्याला गोष्ट मिळते. अडखळले तर त्याच्या आवडीचे पाच शब्द वाचायला सांगतात, त्यातले चार बरोबर आले तर पातळी ‘शब्द’. तेही जमले नाही तर पाच अक्षरे. काही मिनिटांत पातळी ठरते. गणितात अंक ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे, इतकेच विचारतात. हे सगळे मुलाच्या आईच्या आणि शेजाऱ्यांच्या देखत घडते, त्यामुळे निकाल सरकारी अहवालाची वाट न पाहता ओसरीवरच कळतो. पहिल्या वर्षापासून या सर्वेक्षणाने जे दाखवले, ते देशाला हादरवणारे होते: ग्रामीण भागातल्या पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नव्हता.

आता आंतरराष्ट्रीय जाळ्याकडे वळू. २००८ पासून पाकिस्तानात ‘इदारा-ए-तालीम-ओ-आगाही’ या संस्थेने उर्दू, सिंधी आणि पश्तोत ‘असर’ याच नावाने सर्वेक्षण सुरू केले. २००९ पासून केनिया, टांझानिया आणि युगांडात ‘उवेझो’ सुरू झाले. पुढे माली, सेनेगल आणि मेक्सिकोतल्या संस्थांनीही आपापल्या नावांनी हीच वाट धरली. यांपैकी एकही ‘प्रथम’ची शाखा नाही. प्रत्येक देशातली संस्था स्वतंत्र आहे, तिचा कागद वेगळा आहे आणि तो तिथल्या शिक्षकांनी व भाषातज्ज्ञांनी तयार केलेला आहे. उदाहरणार्थ, स्वाहिलीत मुले शब्दावयवांनी, म्हणजे ‘बा, बे, बी’ अशा अक्षरगटांनी वाचायला शिकतात, म्हणून तिथल्या चाचणीत सुट्या अक्षरांऐवजी शब्दावयव आले. कायम राहिल्या त्या तीन गोष्टी: घरी जाऊन तपासणे, एकेका मुलाशी बोलणे आणि साधन इतके सोपे ठेवणे की गावातल्या पालकालाही ते समजावे. २०१५ साली या संस्था ‘पाल नेटवर्क’ या नावाखाली एकत्र आल्या आणि त्यांचे कार्यालय नैरोबीत ठेवण्यात आले, मुंबईत किंवा दिल्लीत नव्हे. पुढे याच संस्थांनी मिळून १३ देशांच्या ग्रामीण भागांत गणिताची एक सामायिक चाचणी घेतली. शिकवण्याच्या पद्धतीचाही असाच प्रवास झाला. झांबियाच्या सरकारने २०१६ च्या सुमारास ‘कॅच अप’ या नावाने तिचा प्रयोग केला आणि तिथे स्वयंसेवकांऐवजी शाळेतल्या शिक्षकांनीच मुलांचे गट पाडले.

येथे दोन प्रकारच्या जाळ्यांतला फरक लक्षात घेतला पाहिजे. आयआयटी मुंबईचे १९६७ चे पदवीधर कंवल रेखी हे उद्योजकांच्या ज्या ‘टाय’ संघटनेच्या सुरुवातीच्या धुरीणांपैकी आहेत, ती १९९२ साली सिलिकॉन व्हॅलीत स्थापन झाली आणि आज तिच्या शाखा मुंबईसह अनेक देशांत आहेत. तिचा पाया ओळखीपाळखीचा आहे: अनुभवी उद्योजकाने नवख्याला वेळ, सल्ला आणि प्रसंगी भांडवल द्यावे. तेही मोलाचे काम आहे. मात्र ओळखीवरचे जाळे ओळख असलेल्यांपर्यंतच पोहोचते. चव्हाण यांच्या जाळ्याचा पाया एका साधनाचा आहे, आणि ज्याची कुणाशी ओळख नाही असा माणूसही ते साधन उचलून कामाला लागू शकतो.

साधन मोकळे सोडले की ते बिघडवूनही वापरले जाते, आणि म्हणून फसलेल्या प्रयोगांची नोंद ठेवणे हा या व्यवसायाचा अविभाज्य भाग ठरतो. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावातल्या तरुणांनी वाचनवर्ग घेतले. वर्गांना आलेली मुले वाचायला शिकली, पण गावातली फार थोडी मुले तिथपर्यंत आली. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिले, तेव्हा शाळेच्या नेहमीच्या तासांत काहीच बदल दिसला नाही. त्याच शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात काही आठवड्यांतच मुलांना पुढे नेले, कारण शिबिरात अभ्यासक्रम पुरा करण्याचे ओझे नव्हते. यावरून असे उमगले, की पद्धतीसाठी वेळापत्रकात स्वतंत्र तास राखून ठेवावा लागतो. हरियाणात असा तास दिला, मुलांची पातळीनुसार वाटणी केली, आणि भाषेत सुधारणा झाली. गणितात मात्र झाली नाही. उत्तर प्रदेशात दहा-वीस दिवसांची शिबिरे वर्षभरात मिळून सुमारे ५० दिवस घेतली, तिथे फार मोठा फरक पडला. पुढे आफ्रिकेत पद्धत नेताना पहिला प्रश्न विचारला जाऊ लागला, तो हाच: शाळेच्या दिवसात याला तास कुठे आहे? बिहारचे अपयश झाकून ठेवले असते, तर झांबियाने तीच चूक पुन्हा केली असती.

पैशाबद्दल थोडक्यात. असे काम फीवर चालत नाही. सुरुवातीला मुंबईतल्या उद्योगांच्या देणग्या होत्या, मग ह्यूस्टनसारख्या शहरांतल्या अनिवासी भारतीयांच्या शाखा आल्या, आणि नंतर हेवलेट आणि गेट्स यांच्यासारख्या मोठ्या प्रतिष्ठानांचे अनुदान आले. चव्हाण यांना २०१२ साली मिळालेल्या शिक्षणक्षेत्रातल्या ‘वाइज’ या आंतरराष्ट्रीय पुरस्काराने लोकांचे लक्ष वेधले. देणगीदाराला आकडे हवे असतात आणि वस्तीला सातत्य हवे असते. संस्थापकाचे निम्मे आयुष्य या दोन गरजांचा मेळ घालण्यात जाते.

मला खरी चिंता दुसऱ्याच गोष्टीची वाटते. हे संपूर्ण जाळे अखेरीस ज्यांच्या हातांवर उभे आहे, त्या बहुतांशी वस्तीतल्या आणि गावातल्या तरुण स्त्रिया आहेत आणि त्यांचे मानधन नियमित शिक्षकाच्या पगाराच्या तुलनेत अगदीच तुटपुंजे आहे. कमी खर्चामुळे पद्धत पसरली हे खरे, परंतु तो कमी खर्च कुणाच्या खिशातून आला, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. शिक्षक संघटनांनी तो वारंवार उपस्थित केला आहे आणि माझ्या मते त्यांचे म्हणणे योग्य आहे. वाचन आणि वजाबाकी एवढेच मोजले तर इतिहास, विज्ञान, चित्रकला मागे पडतील, ही टीका मला तितकीशी पटत नाही, कारण वाचता न येणाऱ्या मुलाला इतिहासाचे पुस्तकही उपयोगाचे नसते.

या कारकिर्दीतला आणखी एक धडा वारशाचा आहे. चव्हाण यांनी २०१५ च्या सुमारास संस्थेची सूत्रे रुक्मिणी बॅनर्जी यांच्याकडे दिली. ‘असर’ची उभारणी ज्यांनी वर्षानुवर्षे केली होती, त्यांच्याकडेच ती गेली, आणि २०२१ साली त्यांना शिक्षणासाठी दिला जाणारा यिदान पुरस्कार मिळाला. २००४ साली स्थापन झालेली ‘प्रथम बुक्स’ ही तर स्वतंत्र संस्था म्हणूनच वाढली. रोहिणी निलेकणी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावरची मुलांची पुस्तके कुणालाही विनामूल्य वाचता, छापता आणि आपल्या भाषेत आणता येतात. शेकडो भाषांत ती पोहोचली, कारण अनुवादकाला परवानगी मागावी लागत नाही.

मुंबईत राहून या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुणाने आपल्या वॉर्डातल्या शाळेपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी, आठवड्यातले काही तास एका गटाबरोबर घालवावेत आणि दर महिन्याला प्रत्येक मुलाची पातळी लिहून ठेवावी. सहा महिन्यांनी हातात जी वही असेल, तिच्यात कोण पुढे गेले, कोण अडकले आणि कोण यायचे थांबले, हे दिसेल. दुसऱ्या शहरातल्या किंवा देशातल्या सहकाऱ्याशी बोलताना ती वही समोर ठेवता येते. त्याबरोबर सांख्यिकीची बऱ्यापैकी जाण, निदान तीन भाषा आणि सरकारी कार्यालयात पुन्हा पुन्हा जाण्याची चिकाटी हवी, कारण हजारो शाळांपर्यंत पोहोचणारे दार शेवटी सरकारचेच असते.

ते दार आता बऱ्यापैकी उघडले आहे. केंद्र सरकारने २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता व मूलभूत गणित करता यावे, हे त्याचे उद्दिष्ट ठरवले. २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो. २०२२ साली हे प्रमाण १६.३ टक्के होते. दोन वर्षांतली ही वाढ या सर्वेक्षणाच्या इतिहासात मोठी मानली जाते, आणि तरीही त्या वर्गातल्या दर चार मुलांपैकी तिघांना तो मजकूर अजून वाचता येत नाही.